राग गोळीचा की सुटलेल्या सिगारेटचा?

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझे मिस्टर ४६ वर्षांचे. अंबडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आहेत, तिन्ही पाळ्या असतात. वीस-बावीस वर्षांपासून सिगारेट, दिवसाला १५ ते १८. दिवाळीनंतरचा खोकला जाईना म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सिगारेट सोडायला व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या दिल्या. आज १३वा दिवस. पाचव्या-सहाव्या रात्रीपासून भलतीसलती स्वप्नं पडतात, ओरडून उठतात. आठव्या दिवशी ठरल्याप्रमाणे सिगारेट बंद केली आणि दहाव्या दिवसापासून घरात बोलायची सोय राहिली नाही. मुलाने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून रिमोट भिंतीवर फेकला. परवा ताट सरकवून म्हणाले, “सगळ्याचाच कंटाळा आलाय.” भाऊजींनी मोबाईलवर दाखवलं की या गोळीने माणसं जीव देतात, अमेरिकेत तिच्यावर काळ्या चौकटीत इशारा छापायचे. ते म्हणतात, गोळी बंद करा, यापेक्षा सिगारेट परवडली. शनिवारी दोघांचं थोडं बसणंही असतं. आणि एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहिली. चार वर्षांपूर्वी कारखान्यात माणसं कमी केली तेव्हा मिस्टर आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते. काय करू?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर

ताई,

गोळीचं नंतर पाहू. आधी आज रात्रीचं काम. मुलगा झोपला की मिस्टरांजवळ बसा आणि आडवळण न घेता विचारा, “परवा कंटाळा आलाय म्हणालात. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, कुणीतरी विचारलं याचंच बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर “छे, वैतागलोय नुसता” असं आलं आणि ते तुम्हाला पटलं, तर पुढचं सावकाश वाचा. उत्तर “हो” आलं, किंवा ते गप्प राहिले आणि तुमचाच जीव थाऱ्यावर राहिला नाही, तर पुढची गोळी देऊ नका, त्यांना एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर फोनवरही वेळ घालवू नका. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात तातडीच्या विभागात न्या. गाडीसाठी १०८. घरची द्राक्षबाग असेल आणि फवारणीची औषधं घरात ठेवलेली असतील, तर ती आजच शेजाऱ्यांकडे कुलपात जाऊ द्या.

आता तारखा. तुम्ही त्या नीट लिहिल्यात म्हणून बरंच काही कळतं.

व्हॅरेनिक्लिनचा नेहमीचा क्रम असा: पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत अर्ध्याच्याच दोन, सकाळ-संध्याकाळ. आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमच्या दोन, असं करत एकूण १२ आठवडे. म्हणजे संध्याकाळची गोळी चौथ्या दिवशी सुरू झाली आणि स्वप्नं पाचव्या-सहाव्या रात्री. तोवर मिस्टरांची सिगारेट चालू होती, तेव्हा स्वप्नांचं खापर सिगारेट सुटण्यावर फोडता येणार नाही. ती गोळीचीच. या औषधावर दहातल्या एखाद्याला तरी अशी ठसठशीत, रंगीत, कधी घाबरवणारी स्वप्नं पडतात. वेड लागण्याशी त्यांचा संबंध नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर निकोटिन बसतं, त्याच जागा स्वप्नाच्या झोपेतही कामाला असतात, आणि गोळी नेमकी तिथेच जाऊन बसते.

कशी बसते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीबीएस बसस्थानकावर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. व्हॅरेनिक्लिन निकोटिनच्या जागेवर रुमाल टाकते. शिवाय स्वतः थोडी टेकते, त्यामुळे मेंदूला थोडंसं सुख मिळत राहतं आणि तलफ बोथट होते. कुणी झुरका मारलाच तर आलेल्या निकोटिनला बसायला जागा नसते, सिगारेट बेचव लागते. पण ‘थोडंसं’ म्हणजे पूर्ण नव्हे. बावीस वर्षं दिवसाला १८ वेळा जे मिळत होतं, त्याची भरपाई गोळी पूर्ण करत नाही. उरलेली तूट रागातून, अस्वस्थपणातून बाहेर पडते.

रागाचं कोडं म्हणून जरा अवघड आहे. सिगारेट सुटल्यावरची चिडचिड पहिल्या २४ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. सोबत उदासी, घालमेल, लक्ष न लागणं, तुटक झोप, सारखी भूक. तुमच्याकडे सिगारेट आठव्या दिवशी बंद झाली आणि स्फोट दहाव्या दिवशी झाला. हिशेब तंतोतंत जुळतो. गोची अशी की आठव्याच दिवशी गोळीचा डोसही दुप्पट झाला. दोन्ही गोष्टी एका दिवशी घडल्या, म्हणून नुसत्या तारखेवरून निकाल लागत नाही. आमचा कौल आज तरी सिगारेटच्या बाजूने आहे. तो खरा की खोटा हे पुढचे आठ-दहा दिवस दाखवतील.

त्यासाठी शंभरपानी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा: गोळ्या किती वाजता आणि काय खाऊन घेतल्या, झोप किती तास, चहा किती कप, राग दहापैकी किती, उदासी दहापैकी किती. मिस्टरांनी स्वतःचा आकडा सांगायचा आणि तुम्ही तुमचा वेगळा लिहायचा. हे दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा डॉक्टरांना त्यातूनच जास्त कळतं. सुटलेल्या सिगारेटचा राग लाटेसारखा येतो. तलफ उठते, पाच-दहा मिनिटं घर डोक्यावर घेतो, ओसरतो, आणि मग माणूस ओशाळतो. आठवड्यागणिक लाटा लहान होतात. याउलट तलफ नसतानाही दिवसभर चेहरा पडलेला, जेवणात-मुलात-क्रिकेटमध्ये कशातच रस नाही, सकाळी उठणंच जड, आणि वहीतले आकडे दुसऱ्या आठवड्यानंतरही वरच चाललेत, तर ते गोळीमुळे असेल किंवा जुनं डिप्रेशन डोकं वर काढत असेल. त्यातलं कोणतं, हे घरी ठरवता येत नाही.

“एक सिगारेट ओढून बघा, राग गेला तर समजायचं गोळीचा नव्हता” ही चाचणी कुणी सुचवेलच. करू नका. झुरक्याने थोडं बरं वाटलं तरी सिद्ध काहीच होत नाही, तुटलेली सवय मात्र परत जोडली जाते. चाचणी करायचीच तर ती डोसची असते, आणि ती डॉक्टर करतात. रोजचे दोन मिलिग्रॅम कमी करून अर्ध्या-अर्ध्यावर आणता येतात आणि चार-पाच दिवसांत फरक दिसतो का ते पाहता येतं. चार-पाच दिवस अशासाठी की हे औषध अंगातून हळू जातं; निम्मं उतरायलाच साधारण २४ तास लागतात. भाऊजींनी आज गोळी बंद करायला लावली तरी उद्या सकाळी मिस्टर शांत उठणार नाहीत. उलट एकदम बंद केल्यावर काही जणांची चिडचिड आणि तलफ काही दिवस वाढते.

आता त्या काळ्या चौकटीचं. भाऊजींनी दाखवलेलं खोटं नाही, जुनं आहे. हे औषध अमेरिकेत २००६ साली आलं. पुढे ते घेणाऱ्यांमध्ये उदासी, आक्रमकपणा, आत्महत्येचे विचार, अशा तक्रारी जमत गेल्या आणि २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने व्हॅरेनिक्लिन आणि सिगारेट सोडायलाच देतात ते ब्युप्रोपिऑन, दोन्हींवर काळ्या चौकटीतला इशारा घातला. पण अशा तक्रारींत एक खोट असते. गोळी घेणारा प्रत्येक जण त्याच आठवड्यात सिगारेटही सोडत असतो, आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण मुळातच जास्त. तुलनेला दुसरा गट नसेल तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग नाही. म्हणून मोठी चाचणी झाली, तिचं नाव ईगल्स. १६ देश, ८,१४४ माणसं, त्यांतल्या निम्म्यांना आधी मानसिक आजार होऊन गेलेला किंवा चालू. चार गट: व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी आणि नुसती साखरेसारखी खोटी गोळी. निकाल २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधी मानसिक आजार नसलेल्यांत गंभीर मानसिक त्रास व्हॅरेनिक्लिनवर शंभरात १.३ जणांना, खोट्या गोळीवर २.४ जणांना. आजार असलेल्यांत व्हॅरेनिक्लिनवर ६.५, खोट्या गोळीवर ४.९, हा फरक गोळीकडे बोट दाखवण्याइतका मोठा ठरला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात काळी चौकट काढली. माहितीपत्रकातला साधा इशारा मात्र अजून आहे आणि तो असावाच, कारण सरासरीत न बसणारी माणसं असतात.

हेच आकडे तुमच्या घरासाठी पुन्हा वाचा. मानसिक आजार असलेल्यांचा गट कोणताही घ्या, खोट्या गोळीचासुद्धा, त्रास आजार नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मिस्टरांना धोका आहे तो मुख्यतः जुन्या आजारामुळे आणि सिगारेट सुटल्यामुळे. गोळी बंद करून तो जात नाही. म्हणूनच डॉक्टरांना न सांगितलेली ती गोष्ट आता सांगायची. त्याने गोळीवर बंदी येत नाही. पुढची भेट महिन्याऐवजी आठवड्याने होते आणि मनोविकारतज्ज्ञ सोबतीला येतात, इतकंच. जुनी चिठ्ठी सापडली तर न्या. कोणती गोळी होती, किती महिने, कशी बंद केली आणि तेव्हा जिवावर उदार होण्यापर्यंत गोष्ट गेली होती का, हे त्यांना हवं असतं. आणि तो फोन उद्या सकाळीच करा, ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

स्वप्नांवर मात्र घरच्या घरी करता येण्यासारखं बरंच आहे. संध्याकाळची गोळी झोपताना घेत असाल तर ती रात्रीच्या जेवणावर आणा, साडेसात-आठला. पाळ्यांचं गणित घड्याळावर न बांधता झोपेवर बांधा: पहिली गोळी उठल्यावरच्या खाण्यावर, दुसरी झोपण्याआधी तीन-चार तास तरी. तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७, ते सकाळी साडेआठला झोपून अडीचला उठत असतील, तर तीन वाजता जेवणावर पहिली आणि कामाला निघण्याआधी रात्री दहाच्या जेवणावर दुसरी. पाळी बदलते त्या दिवशी घोळ होतो. तेव्हा चोवीस तासांत दोनच हा नियम धरा आणि चुकलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर भरून काढू नका. तिन्ही पाळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून डॉक्टरांकडून एकदा पक्क्या करून घ्या. एवढं करूनही झोपेची दैना झाली, तर डॉक्टर दुसरी गोळी कमी करू शकतात. क्वचित कुणी झोपेत चालतं. ओरडून उठण्यापलीकडे काही दिसलं तर गच्चीच्या दाराला कडी घाला आणि लगेच कळवा.

नुसत्या चहावर गोळी घेतात का, तेही पाहा. पोटात पोळी-भाजी गेल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी मळमळतं, दहातल्या तिघांना तरी, आणि मळमळलेला माणूस चिडका होतो, त्याला मनोविकाराची गरज लागत नाही.

चहाचं आणखी एक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सिगारेटच्या धुरातले पदार्थ यकृताला कॅफिन झटपट निकालात काढायला लावतात. धूर बंद झाला की आठवडाभरात तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट साचतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, उगाच तडकणं, आणि नाव मात्र गोळीचं. कारखान्यातले सात-आठ कटिंग निम्म्यावर आणा, दुपारनंतर एकही नको. टपरीवरचा चहा आणि सिगारेट यांची जोडी तशीही तोडायची आहेच. (हीच गोष्ट इतर वाचकांसाठी: घरात कुणी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेत असेल आणि सिगारेट सोडत असेल, तर सोडण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना कळवा. ही औषधंही त्याच वाटेने रक्तात वाढतात, डोस कमी करावा लागू शकतो. निकोटिनची पट्टी लावून हे टळत नाही, कारण हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही.)

शनिवारचं बसणं बारा आठवडे बंद. इथे आम्ही ‘थोडीशी चालेल’ म्हणणार नाही. या गोळीवर काही माणसांना नेहमीचीच दारू कितीतरी जास्त चढते. हात उगारण्यापर्यंत गोष्ट जाते आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल वेगळा इशारा दिला होता. नाशिकची आहे, द्राक्षाची आहे, म्हणून वाइन त्यातून सुटत नाही. भाऊजींना गोळीची एवढी काळजी आहे तर त्यांनी आधी ही बाटली उचलून ठेवावी. मात्र मिस्टरांची रोजची आणि भरपूर असेल तर अचानक तोडू नका, तेही डॉक्टरांना सांगून.

प्रेस शॉपचं विसरू नका. चक्कर, गुंगी, लक्ष उडणं हे या गोळीवर होतं आणि झोपमोडीने वाढतं. पॉवर प्रेसवर हात असलेल्या माणसाने निदान डोस वाढला त्या पहिल्या दोन आठवड्यांत सुपरवायझरला सांगून दुसरं काम मागावं. ‘औषध चालू आहे, झोप होत नाही’ एवढं पुरे, आजाराचं नाव सांगायची गरज नाही.

काही गोष्टी दिसल्या तर वही-बिही बाजूला. मरणाचे विचार, कुणावर हात टाकणं, आवाज ऐकू येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, दोन रात्री न झोपताही अंगात जोर आणि तोंडाचा पट्टा चालू, फिटचा झटका, तोंडा-ओठांना सूज किंवा फोड येणारी पुरळ: गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आवाज बसत असेल, श्वास अडकत असेल तर थेट तातडीच्या विभागात. ते नेहमीचे राहिलेच नाहीत असं तुम्हाला वाटणं, हेही पुरेसं कारण आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तोही सांगा. गोळी जवळपास सगळी लघवीतून जाते, मूत्रपिंड फार मंद असेल तर डोस अर्धा लागतो.

गोळी सोसलीच नाही तर दुसरं काय, हे विचारालच. ब्युप्रोपिऑनचं नाव कानावर येईल. १५० मिलिग्रॅम, तीन दिवस एक, मग दिवसाला दोन, मध्ये आठ तासांचं अंतर, दुसरी झोपेजवळ नाही, तोडून-कुटून नाही. हे मुळात डिप्रेशनचंच औषध, म्हणून मिस्टरांना सोयीचं वाटेल, पण ते झोप उडवतं आणि हजारात एखाद्याला झटका आणतं. फिट येणाऱ्याला आणि दारू नुकतीच अचानक सोडलेल्याला ते देत नाहीत. जुन्या डिप्रेशनमध्ये मध्येच अति उत्साहाचे दिवसही येऊन गेले असतील तर ते आधी सांगा, अशा माणसाला हे औषध उधाण आणू शकतं. निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम मनाला सगळ्यात कमी खटकतं असं पुष्कळांना वाटतं; ईगल्समध्ये पट्टीचाही आकडा साधारण बाकीच्यांएवढाच होता. पट्टी रात्री लावून झोपलं तर तिनेही स्वप्नं पडतात, तेव्हा झोपताना काढायची.

भाऊजींचं ‘सिगारेट परवडली’ हे मात्र आकड्यात बसत नाही. त्याच चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत एकही सिगारेट न ओढलेले व्हॅरेनिक्लिनवर शंभरात २२ होते, खोट्या गोळीवर ९. बावीस म्हणजे फार नव्हेत, हे आम्हालाही दिसतं. मधे एखादी ओढली गेली तर गोळी थांबवू नका, दुसऱ्या सकाळी पुन्हा शून्यापासून. १८००-११-२३५६ ही सिगारेट-तंबाखू सोडणाऱ्यांसाठीची सरकारची मोफत फोनसेवा, पाकिटावरच छापलेली असते; तलफेची दहा मिनिटं तिथे बोलून काढता येतात.

डॉक्टरांकडे जाताना वही, गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी, घरातल्या इतर सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि मिस्टर, चारही सोबत हवेत. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना बोलू द्या. रिमोटचं तुम्ही सांगा, ते सांगणार नाहीत.